सातची हजेरी

सकाळी ठीक सातला फोन वाजतो. तो उचलायचा आणि "हजर" एवढंच म्हणायचं. "गुड मॉर्निंग" म्हटलेलं मेजर शितोळ्यांना चालत नाही. आपण "हजर" म्हणालो की ते "ठीक" म्हणतात आणि ताबडतोब फोन ठेवतात. डच मुलखातलं आमचं मराठी मंडळ म्हणायला युट्रेख्टचं, पण घरं पसरलीत पार ग्रोनिंगनपर्यंत. लॉकडाऊन लागल्यापासून त्या पंधराही घरांची हजेरी मेजरांनी एकही दिवस चुकवली नव्हती.

मेजर पासष्टीचे. फौजेत रसद खात्यात होते, तिथून निवृत्त होऊन इथल्या एका गोदामात नोकरीला आले आणि इथलेच झाले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. दीड मीटर अंतराचा नियम आला, तेव्हा त्यांनी मापून दीड मीटरची काठी कापली. सुपरमार्केटच्या रांगेत ती आडवी धरून उभे राहायचे. ऑनलाइन गणपतीत तर त्यांनी एकेका घराला आरतीची एकेक ओळ वाटून दिली. पाचव्या ओळीला ग्रोनिंगनची मानसी मोदक बघायला उठली आणि बाप्पा तिथेच अडकले. "पुढची तुकडी, आगे बढो! कोई शक?" मेजर ओरडत होते. त्यांच्या दर वाक्याला "कोई शक?" असतंच.

अशा माणसाला मंडळाचा अध्यक्ष करावं का, हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधीचे अध्यक्ष पुण्याला परतले होते. आमच्याकडे मतदान होत नाही, त्याने मनं दुखावतात. आधी फोनवर गुपचूप चाचपणी होते आणि मग सगळे एकमताने निवडून देतात. मी चिटणीस. शिवाय काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आई-बाबा पुण्यात, विमानं बंद. घसा जरा खवखवला की मी हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावायची आणि ते पॅरासिटामॉल घ्या म्हणायचे. त्यात ही जोखीम. मेजर अध्यक्ष झाले तर मंडळ फुटेल, अशी मला धास्ती होती.

चाचपणीचा सूर वाईटच निघाला. "अगं, मी बाथरूममध्ये असले तरी फोन वाजत राहतो," मानसी म्हणाली. एनस्खेडेला पीएचडी करणारा निखिल म्हणाला, "अनघाताई, मी झोपतोच पहाटे पाचला. प्लीज, नको ना!" रविवारी समितीला कळवायचं होतं. मी मनातल्या मनात "नको" लिहून टाकलं.

शनिवारी सातला फोन वाजला नाही. खरं सांगते, मी सुखाने कूस बदलली. सव्वासातला मात्र ताडकन उठून बसले. त्यांचा फोन लावला, तर बंद. ग्रुपवर विचारलं, तर कोणालाच आला नव्हता आणि जो तो समजत होता, आज सुटका फक्त आपलीच. त्यांच्या मुलीचा नंबर पंधरा घरांत एकाकडेही नव्हता. मी सायकल काढली. मास्कमध्ये श्वास पुरेना, आणि नेमका कालव्यावरचा पूल वर उचललेला. खालून एक बोट निवांत चालली होती. मी तिथे उभी राहून चक्क रडले.

मेजर तळमजल्यावर राहतात. ते खिडकीशी खुर्चीत शाल पांघरून बसले होते, डोळे तापाने लाल. मला पाहताच त्यांनी खिडकी बोटभर उघडली आणि आतून काठी दाखवली. मी मुकाट मागे सरले.

"रात्रीपासून ताप आहे. फोन चार्ज करायचा राहिला," ते म्हणाले. "आजची हजेरी राहिली बघ. तू घे." आणि त्यांनी आपली वही काचेला टेकवली. मी फोनवर तिचा फोटो घेतला.

वहीत पंधरा नावं होती. मानसीपुढे लिहिलं होतं, "आवाज ओला. आईशी बोलते का, विचारणे." निखिलपुढे, "जेवलेला वाटत नाही." माझ्यापुढे, "घाबरलेली. कालच्यापेक्षा कमी." एका शब्दात हा माणूस एवढं ऐकत होता. मला माझी लाज वाटली.

"मेजर, यात तुमचं नाव कुठाय?"

"हजेरी घेणाऱ्याचं नाव यादीत नसतं," ते म्हणाले. पुढे "कोई शक?" आलं नाही.

मेजरांना फोन चार्जिंगला लावायला सांगितलं आणि डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पॅरासिटामॉल सांगितली. मी घरून वरणभात करून आणला आणि त्यांच्या दारात ठेवला. येताना लक्षात आलं, इतक्या दिवसांच्या चाचपणीत मी सगळ्या घरांना विचारलं, पण ज्यांना उभं करायचं त्यांनाच विचारलं नाही. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना फोन केले आणि वहीतलं वाचून दाखवलं. मानसी म्हणाली, "करू देत सातला. बाथरूममध्येही उचलीन." निखिल म्हणाला, "ताई, ते बरे होतील ना?" आमच्या मंडळात पहिल्यांदाच खरंखुरं एकमत झालं.

रविवारी ठीक सातला मी मेजरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"हजर," शेवटी बसलेला आवाज आला.

"ठीक," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. "मेजर, अध्यक्ष व्हाल का? सगळ्यांचं एकमत आहे."



"ते बघू नंतर. तू आधी सांग, उद्या फोन करशील ना?"