अनसूयाबाईंनी उघड्या पायीं गड सर केला, ती हकीकत

श्री. डोंगरदेवाचे पायीं मस्तक ठेवोन पायांचीच हकीकत लिहितो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशीं डोंगरचढ्या मंडळींचे राज्यांत मोठें नवल वर्तलें. राज्याचे सरदार संपतराव धुमाळ. त्यांचा दंडक ऐसा कीं, ऊन आग ओको, मोहिमेस निघणारानें घोट्यापावेतों बंद बूट आणि आंत दोन दोन मोजे चढवावे; फोड आले तरी दागिन्यासारखे मिरवावे; आणि जो खिंडीतून दोनदां माघारा फिरेल त्याचें नांव यादीतून काढोन त्यास कायमचें पायथ्याशीं पिठलें ढवळावयास बसवावें. अनसूयाबाई पडवळ, वय वर्षें एकसष्ट, इस्पितळांत परिचारिका होत्या, त्या मागील वैशाखीं एकदां खिंडीतून माघाऱ्या फिरल्या होत्या. बूट उतरविले तों टाचा सोललेल्या आणि पाय उकडल्या बटाट्यासारखे. बाईंचा जीव डोंगरांत, पिठल्यांत नव्हे. आतां पुन्हा फिरणें म्हणजे सारेंच संपलें, हें जाणोन त्यांनीं वर्षभर विचार केला, आणि मग ते दिवशीं जाड तळाचे, तीन पट्ट्यांचे सॅण्डल घालोन हजर जाहल्या. पाठपिशवींत तसाच जुना जोडही घेतला, पट्टा तुटला तर असावा म्हणोन.

संपतराव पाहोन म्हणाले, “बाई, हे भाजी आणावयास बरे. ठेच लागली तर आम्ही उचलोन आणणार नाहीं.” बाई म्हणाल्या, “नका आणूं. माझे पाय मला आणतील.” मग राव खालीं पाहोन बोलले, “आणि पाऊल तरी केवढें. परातच ही.” मंडळी खोखो हसली. बाईंस फार लागलें. जन्मभर चपलेच्या दुकानीं त्यांचा जोड पुरुषांच्या फळीवरूनच काढावा लागे, हें कोणास सांगावें? बाई चालूं लागल्या. आणि काय ते चालणें! बोटांस वारा लागे, खडा शिरला तर पाय झाडतांच तो बाहेर जाई, मागें बूटवाले घामानें आंतच शिजत होते. एकदां अंगठा ठेचाळला, रक्तही आलें, तें लपवीत नाहीं; बाईंनीं पट्टी बांधिली आणि पुढें निघाल्या. मग वाटेंत ओढा लागला. राज्याची रीत ऐसी कीं, बूट भिजों नयेत म्हणोन सर्वांनीं खडकावर ओळीनें बसावें, नाड्या सोडाव्या, मोजे काढावे, पाणी उतरावें आणि पाय पुसोन सारें पुन्हा चढवावें. तों बाई सरळ पाण्यांतून पार! थंड पाणी पायांस लागतां त्यांस माहेरीं आल्यासारखें वाटलें. इकडे संपतरावांस बाई पुढें गेलेली साहवेना. राव बुटांसकट ओढ्यांत शिरले. शहाणपणच तें!

भिजल्या मोज्यांनीं आपलें काम केलें. खिंडींत बाई आवळासुपारी चघळीत बसल्या होत्या, तों राव लंगडत आले आणि धोंड्यावर मटकन बसले. बूट काढिले तर टाचांवर लिंबाएवढे फोड. सरदारच फिरला तर दंडकास कोण पुसतो? राव खालमानेनें म्हणाले, “बाई, आपण पुढें व्हावें. आमचें जाहलें.” गड अर्ध्या तासावर. बाईंस वाटलें, जावें उठोन, हंसत जावें. मग इस्पितळांतली संवय हातांस आठवली. फोड धुतले, पट्ट्या लाविल्या, आणि पिशवींतला जुना जोड पुढें ठेविला. राव म्हणाले, “बाईमाणसाचा जोड आमचे पायीं कैसा यावा?”

बाई म्हणाल्या, “परातीचें माप आहे, राव. येईल.”

आणि आला, बेतोन शिवल्यासारखा आला. राव कानापावेतों लाल जाहले, परंतु उठले आणि चालले. गडाचे दरवाज्याशीं पोहोंचतां थांबोन त्यांनीं हात जोडले आणि म्हणाले, “पहिलें पाऊल आपलें. मी सकाळीं बोललों तें चुकलों.” बाईंनीं उंबरा ओलांडिला. डोळे भरोन आले, ते त्यांनीं पदरानें पुसले नाहींत, वाहूं दिले.

तात्पर्य, यादींत बाईंचें नांव कायम जाहलें आणि बुटांचा दंडक उन्हाळ्यापुरता उठला. आतां वैशाख आला कीं सरदारांचे पायांवर तीन पट्ट्यांचे गोरे ठसे दिसतात. जुना जोड त्यांनीं परत केला नाहीं, बाईंनींही मागितला नाहीं. इतकी हकीकत.