घरचं गिऱ्हाईक

मनुष्याला तारणाचा मार्ग एकच आहे, आणि तो पेणहून निघून खांब, कोलाड करत रोह्याला पोहोचतो. सोमवारी बंद असतो.

हे आमच्या शेजारच्या जनाभाऊंमुळे कळलं. जनार्दन म्हात्रे याच रस्त्यावर बरीच वर्षं शाम्पू विकत होते. मग पोटाच्या दुखण्यानं पनवेलला दवाखान्यात पडले. तिथं कोणीतरी उशाशी बसून प्रार्थना केली आणि जनाभाऊ बरे झाले. घरी आले ते येशूची सुवार्ता घेऊनच. स्कूटर तीच, बॅग तीच, सोमवारची सुट्टीही तीच. नावसुद्धा बदललं नाही. "नाव बदललं की जुनी गिऱ्हाईकं तुटतात," म्हणाले.

मी देव मानत नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मंग बरंच हाय. तुमचं शेल्फ मोकळं हाय."

तेव्हापासून ते मला दर आठवड्याला एक प्रार्थना देतात. "आधी वापरून बघा," हे त्यांचं पालुपद. मी नको म्हटलं की ते चिडत नाहीत. "फॉलोअप चालू ठेवतो," म्हणतात आणि ठेवतात.

एकदा खांबला माझं काम होतं, तर त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. एका ओटीवर म्हातारी वाल सोलत बसली होती. जनाभाऊंनी तिला सुवार्ता सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली.

"बाटलीसोबत कंगवा द्यायचास. यासोबत काय हाय?"

"सार्वकालिक जीवन, आजी."

म्हातारीनं विचार केला. "कंगवा बरा होता," म्हणाली.

"फॉलोअपला येतो," म्हणत जनाभाऊंनी किक मारली.

अशा माणसाला हरवणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते घरात होतं. सुलभावहिनी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात, म्हणजे रंगवून झालेल्या मूर्तीला शेवटी डोळे काढतात. पेणमध्ये या कामाला मान आहे. जनाभाऊंनी त्यांना किती वेळा सुवार्ता सांगितली असेल, ते भिंतीपलीकडून मी ऐकत आलोय. वहिनींचं उत्तर ठरलेलं.

"तुम्ही शाम्पू विकायचात तेव्हाबी मी शिकेकाईच लावायची."

मग मुंबईहून मंडळीचे, म्हणजे त्यांच्या चर्चचे, मोठे पाळक आले. रोह्यात भाड्याच्या खोलीत रविवारची प्रार्थना जनाभाऊ चालवत. ती खोली म्हणजे त्यांचा जीव. खुर्च्यासुद्धा स्वतः पुसायचे. पाळकांनी विचारलं, "पत्नी दिसत नाहीत?" मग कारखान्याचं कळलं. पाळक थंडपणे म्हणाले, "घरचेच माल वापरत नसतील, तर बाहेर कोण घेईल? त्यांना त्या कामातून काढा. नाहीतर खोली दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

हे सगळं मला जनाभाऊंनीच सांगितलं. वाक्य त्यांच्या वर्मी लागलं होतं, कारण शाम्पूच्या दिवसांत दुकानदारही हेच विचारायचे.

"रविवारच्या आत निकाल लावतो," म्हणाले. आवाजात मला माहीत असलेला फॉलोअप होता. मला वहिनींची काळजी वाटली.

रविवारी सकाळी मी कारखान्यात गेलो. मी देव मानत नाही, पण बायको मानते आणि गणपती ठरवायला मीच जातो. आत मूर्तींच्या रांगेत वहिनी बारीक कुंचला घेऊन बसलेल्या. शेजारी वायरला लावलेला बल्ब उंच धरून जनाभाऊ उभे होते. डोळे घट्ट मिटलेले.

"आज रोहा नाही?"

"तिथं दुसरा माणूस लागला."

"म्हणजे सोडलंत?"

"माल सोडला नाय. रूट गेला."

"मग इथं काय करताय?"

"तिच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. ऑपरेशन सणानंतर, म्हणते. तोवर तिला एका बल्बात भागत नाय."

"आणि डोळे का मिटलेत?"

"दुसऱ्या कंपनीचा माल हाय," जनाभाऊ म्हणाले. "आपण बघायचा नाय. उजेड धरायला हरकत नाय."

"जरा डावीकडं धरा," वहिनी म्हणाल्या. "अवो, माझ्या डावीकडं. झोपलात का?"

"प्रार्थना चालू हाय."

"कोणासाठी?"

"तुझ्या डोळ्यांसाठी."

वहिनींनी समोरच्या मूर्तीच्या डोळ्याला कुंचला लावला. बल्ब आपल्या अंदाजानं डावीकडे सरकला.

ती मूर्ती आम्ही घरी आणली. तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित मोठा आहे.