जिथे कुणीच जात नाही ती जागा

एका जंगलात, मुलांनो, चालता चालता जमीन संपायची आणि समुद्र सुरू व्हायचा. जिथे संपायची तिथे एक धक्का होता. त्या धक्क्याला वर्षातून एकदा थंड देशातलं एक भलंमोठं जहाज लागायचं. सकाळी दहाला यायचं, दुपारी चारला निघायचं. त्यातून सहाशे पेंग्विन उतरायचे, सहा तासांत जंगल बघून टाकायचे आणि परत जायचे.

तुम्ही विचाराल, सहा तासांत जंगल कसं बघून होतं? होतं. तुमचे आईबाबा तुम्हाला चार दिवसांत आख्खं राजस्थान दाखवतात की नाही, तसंच.

पूर्वी हे पेंग्विन रांगेनं चालायचे. पुढे छत्री उंच धरलेला एक बगळा, मागे सहाशे जण. चौकात आल्यावर बगळा सांगायचा, "हा चौक." पेंग्विन म्हणायचे, "वा." मग बगळा सांगायचा, "हे तळं." पुन्हा सगळे म्हणायचे, "वा." कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एका वर्षी एक पेंग्विनबाई म्हणाल्या की गर्दीत जंगल दिसतच नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. खरंच होतं ते. आणि पेंग्विनांच्या पाठी सगळ्या सारख्याच. म्हणून सिंहमहाराजांनी खाजगी सहली काढल्या. फक्त तुम्ही दोघं, तुमचा स्वतःचा गाईड आणि तुमचं स्वतःचं वाहन. गाईडांना बिल्ले दिले. पहिल्या वर्षी दहा जोडप्यांनी खाजगी सहल घेतली, दुसऱ्या वर्षी शंभरांनी. तिसऱ्या वर्षी तीनशेच्या तीनशे जोडप्यांना गर्दीत जायचं नव्हतं. बगळ्यानं छत्री मिटली आणि तो पूर्वीसारखा तळ्यात एका पायावर जाऊन उभा राहिला.

बिल्ल्याबरोबर महाराजांनी एक नियमही घातला. ज्याच्या पाहुण्यांचं जहाज चुकेल, त्यानं त्यांना पुढचं जहाज येईपर्यंत, म्हणजे वर्षभर, स्वतःच्या घरी सांभाळायचं.

केरू मुंगसाला त्याच वर्षी बिल्ला मिळाला होता. त्याच्या घरी एकच बीळ. त्यात पाच पोरं, बायको भागीरथी आणि सासूबाई. सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या. कधी आल्या होत्या ते विचारायची केरूची छाती नव्हती.

"अहो, कुणाला घरी आणायचं नाही हं," सकाळी भागीरथीनं बजावलं. "पाय ठेवायला जागा नाहीये."

"नाही आणत. शब्द दिला," केरू म्हणाला.

धक्क्यावर त्याला टॉर्बेनसाहेब आणि हुल्डाबाई भेटले. साहेबांच्या हातात यादी होती, बाईंच्या हातात पंखा. केरूनं नमस्कार केला आणि सांगितलं, "साहेब, चारच्या आत तुम्हाला जहाजावर पोचवणार. शब्द माझा."

वाहन म्हणून दामाजी हत्ती होता. वातानुकूलित. म्हणजे दामाजी चालताना कान हलवायचा. थंड देशातल्या पाहुण्यांना तेवढं लागतंच.

"ही वाघाची गुहा," केरू म्हणाला. "चारशे वर्षांची आहे."

"धक्का इथून किती लांब?" साहेबांनी विचारलं.

"ही माकडांची बाजारपेठ. इथली चिंच फार नावाजलेली."

"आणि इथून धक्का?"

असं दोन वाजेपर्यंत चाललं. साहेब यादीवर खुणा करत होते. शेवटी हुल्डाबाईंनी पंखा मिटला.

"हे सगळं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला अशी जागा दाखवा, जिथे कुणीच जात नाही."

केरूला आनंद झाला. हा प्रश्न येणार हे गाईडांच्या पुस्तिकेत लिहिलंच होतं. उत्तरही होतं. टेकडीमागचा वड. वेळ, दुपारी दोन. वडाखाली एक म्हातारं कासव नेमलेलं होतं. पाहुणे दिसले की त्यानं दचकायचं आणि म्हणायचं, "अगंबाई, आमच्याकडे कुणी येत नाही हो."

एक गोष्ट मात्र केरूच्या लक्षात आली नव्हती. पुस्तिका सगळ्यांना एकच दिली होती.

टेकडी ओलांडली आणि दामाजी थांबला. वडाखाली जवळजवळ तीनशे खाजगी सहली उभ्या होत्या. जंगलात हत्ती सातच, म्हणून बाकीचे पाहुणे म्हशींवर, अस्वलांवर, उंटांवर बसले होते. एक जोडपं जिराफाच्या मानेला घट्ट धरून होतं. एका जोडप्याला नाइलाजानं रानडुक्कर मिळालं होतं आणि ते सारखं चिखलाकडे जायला बघत होतं. केरू मागे वळायला गेला, तर मागे दोन उंट आणि एक गवा येऊन चिकटले होते. कासवाचा दचकून दचकून घसा बसला होता. ते आता नुसतंच मान हलवत होतं.

अडीच वाजले. तीन वाजले. पाहुणे कुरकुरायला लागले. तेवढ्यात पिराजी साळिंदर नावाचा एक जुना गाईड आपल्या म्हशीच्या शिंगांवर चढून उभा राहिला.

"पाहुणेहो," तो म्हणाला, "तुम्ही मोठे नशीबवान. आज इथली पाचशे वर्षांची जत्रा आहे."

झालं. सगळ्या गाईडांनी तेच सांगायला सुरुवात केली. कुरकुर थांबली. एका अस्वलानं पोटावर ठेका धरला, मग दुसऱ्यानं. पेंग्विन खाली उड्या मारून नाचायला लागले. जिराफावरचं जोडपं वरच्या वर डोलायला लागलं. रानडुकरानं एकदाचा चिखल गाठला आणि जोडप्यासकट लोळून घेतलं. तोही जत्रेतला विधी समजून आणखी चाळीस पेंग्विन चिखलात उतरले. मी खोटं कशाला सांगू, मी असतो तर मीही उतरलो असतो.

"यादीत जत्रा नाही," टॉर्बेनसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "जहाज सुटेल."

हुल्डाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. दामाजीला कान हलवायला जागा उरली नव्हती.

"केरू, अरे तूही सांगून टाक त्यांना जत्रा आहे म्हणून," पिराजी म्हणाला. "चारचं चारला बघू."

केरूच्या मनात आलं, सांगावं. सगळेच सांगतायत. मग त्याला ते एकुलतं एक बीळ आठवलं, आणि साहेबांचा कापरा आवाज ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं.

"शब्द दिलाय रे," तो म्हणाला. "साहेबांनाही आणि घरीही."

त्यानं दोघांना दामाजीच्या सोंडेवरून खाली घसरवलं. मुंगूस बुटकं, पेंग्विनही बुटके. तिघं हत्तींच्या, उंटांच्या, म्हशींच्या पोटांखालून वाकून बाहेर पडले आणि पळत मोठ्या चौकात आले.

चौक रिकामा होता. उन्हात पिंपळाची सावली पडली होती. शेजारी तळं होतं आणि तळ्यात बगळा एका पायावर उभा होता. हुल्डाबाईंनी काही न विचारता पाण्यात सूर मारला. साहेबांनी यादी काठावर ठेवली आणि तेही उतरले.

"इथे कुणीच नाही," हुल्डाबाई हळूच म्हणाल्या.

बगळ्यानं त्यांच्याकडे बघितलं. जुनी सवय, दुसरं काय.

"हा चौक," तो म्हणाला. "हे तळं."

"वा," दोघं म्हणाले. त्या दिवशी सगळ्या जंगलात काहीतरी खरोखर बघितलं गेलं ते तेवढंच. केरूला इतकं बरं वाटलं की त्यालाही पाण्यात उडी मारावीशी वाटली, पण त्यानं सावलीकडे बघून वेळ ओळखली आणि दोघांना बाहेर बोलावलं.

चारला पाच मिनिटं असताना ते धक्क्यावर पोचले. कप्तान वॉलरसनं विचारलं, "बाकीचे?"

"जत्रेत आहेत," केरू म्हणाला.

"चार म्हणजे चार," कप्तान म्हणाला आणि त्यानं भोंगा वाजवला. जहाज दोन पाहुण्यांना घेऊन निघून गेलं. केरू ते दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहिला. मग छाती पुढे काढून घरी गेला.

बाकीच्या पाचशे अठ्ठ्याण्णव पेंग्विनांना नियमाप्रमाणे बाकीच्या गाईडांनी घरी नेलं. एक जोडपं सुतारपक्ष्याच्या ढोलीत वर्षभर उभंच होतं. पिराजीच्या आईनं आपल्याकडच्या दोघांना भांड्यांना बसवलं. हे सगळं खाजगी सहलीतच येतं, अशी पाहुण्यांची समजूत होती.

पुढच्या वर्षी जहाज आलं. पाहुण्यांनी आपापले अभिप्राय दिले आणि महाराजांनी ते दरबारात वाचून दाखवले.

पिराजीबद्दल लिहिलं होतं: "गाईडनं पाचशे वर्षांची जत्रा दाखवली. वर्षभर घरी ठेवून घेतलं. आईंनी भांडी घासायला शिकवलं. रोज काटे टोचले. खरं जंगल ते हेच. पाच तारे."

टॉर्बेनसाहेब आणि हुल्डाबाईंचा अभिप्राय जहाजाच्या टपालानं आला होता: "सहल वेळेवर संपली. जहाजावर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. सहाशे खुर्च्यांच्या जेवणघरात आमच्या दोन चमच्यांचा आवाज यायचा. पत्त्यांना चौथा सोडा, तिसराही मिळाला नाही. सगळे जत्रेत राहिले आणि आम्हालाच तेवढं पळवत आणलं. एक तारा. तो चौकातल्या बगळ्याला द्यावा."

महाराजांनी पिराजीला वनभूषण केलं. केरूचा बिल्ला काढून घेतला.

केरू घरी आला. भागीरथी दारातच उभी होती.

"अहो, सगळ्यांकडे पाहुणे राहिले वर्षभर," ती म्हणाली. "आपल्याकडेच कसं कुणी आलं नाही? शेजारणींना काय तोंड दाखवू मी?"

"जागेचं म्हणाल तर मी चार दिवस जाऊन आले असते," आतून सासूबाई म्हणाल्या.

केरू दारातूनच मागे वळला. तो मोठ्या चौकात गेला आणि तळ्याच्या काठी बगळ्याशेजारी बसला. बगळ्यानं आपला तारा मिटलेल्या छत्रीला बांधून ठेवला होता. पाणी स्वच्छ होतं, सावली दाट होती, आणि कुणी म्हणून कुणी तिथे येत नव्हतं.

तात्पर्य: पाहुण्याला कबूल केलेल्या वेळी, कबूल केलेल्या जागी, सुखरूप पोचवू नये. बाकी सगळं तो हसत सोसतो, एवढं मात्र माफ करत नाही.