डोंगरे भाऊंच्या घरातलं ‘काहून’

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दहावीतल्या मुलीचा अभ्यास पाळ्यांमध्ये चालतो. सकाळची पाळी आईची, संध्याकाळची बापाची, आणि पाळी बदलताना रजिस्टरवर सही! डोंगरे भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये आहेत. पॅनेल सोडून उठायचं नाही, दर तासाला रीडिंग लिहायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की त्यांनी पोटच्या गौरीचंही पॅनेल करून टाकलं. "पाच ते सहा : विज्ञान, धडा चौथा, जांभया दोन" अशी नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून भाऊ मला मॅडम म्हणतात आणि माझं एक अक्षर ऐकत नाहीत. पोरीला जरा मोकळं सोडा म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "मॅडम, मोकळं सोडलं का मशीन ट्रिप होते, बंदच पडते."

गौरीने "बाबा, काहून?" म्हणून कारण विचारलं तर त्याचंही उत्तर ठरलेलं. "बुकात हाये म्हणून! पुढं चाल."

मग सराव परीक्षेत विज्ञानात तिला चाळीसपैकी सोळा पडले. भाऊ उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आले, मागे मान खाली घातलेली गौरी.

"मॅडम, फॉल्ट शोधा. बोर्डाले दीड महिना राहिला. इंजिनिअर व्हायचं हाये म्हणते पोट्टी, आन् हे असं!"

मी पेपर पाहिला. व्याख्या स्वल्पविरामासकट बरोबर. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ मात्र कोरं.

"तुमच्या घरात कारण विचारायची सोय नाही भाऊ, मग ती लिहिणार कुठून?" मी जरा जोरातच बोलले. राग आला होता मला.

मी गौरीची प्रयोगवही मागवली. पाण्याचा उत्कलनबिंदू : नव्व्याण्णव खोडून शंभर केलेले.

"हे कोणी खोडलं?"

"मीच. पाणी शंभरले उकळते. रीडिंग चुकलं होतं तिचं."

"नव्हतं चुकलं. तीनदा घेतलं होतं," गौरी हळूच म्हणाली. मग धीर करून तिने विचारलंच, "बाबा, तुमच्या बॉयलरमधलं पाणी शंभरलेच उकळते का?"

आता ‘पुढं चाल’ येणार, असं मला वाटलं. पण प्रश्न थेट भाऊंच्या खात्यातला होता.

"छे वं! तिथं प्रेशर केवढं राहते! तीनशेच्या वर जाते थे..." बोलता बोलता ते अडखळले. "म्हणजे प्रेशर कमी असलं, तर..."

"आपलं नागपूर समुद्रापासून उंचावर हाये ना, बाबा. हवेचा दाब कमी."

"तर शंभरच्या आधीच उकळन," भाऊ पुटपुटले. आणि माझ्याच पेनाने त्यांनी शंभरावर काट मारली.

मग त्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर बॉयलर आला, टर्बाइन आलं. गौरीने निदान दहा वेळा ‘काहून’ विचारलं आणि भाऊंनी दहाही वेळा सांगितलं. ही मुलगी इंजिनिअर होणार, याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका नाही. आम्हा तिघांचा चहा मात्र पार गार झाला.

गौरी घरी गेली. भाऊ दारातच रेंगाळले, चष्मा पुसत राहिले.

"बावीस वर्षं झाली मॅडम नोकरीले. मी तिथं काय करतो, हे घरात आज पहिल्यांदा कोणी इचारलं."