अकोल्यास हात धाडिले, त्याची हकीकत

श्री. पाहणारास दृष्टी आणि दाखविणारास धीर देणारा जो, त्यास प्रथम नमन करोन घडले वर्तमान लिहितो. शके १९२१, प्रमाथी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, नदीकाठी एक राज्य होते, त्याचे नाव लिहावयाचे कारण नाही, विस्तार तीन खोल्यांचा आणि पुढे ओटी, आणि तेथे भास्करराव राज्य करीत होते. राव मोजणी खात्यातून निवृत्त जाहले होते. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई, मोठ्या निश्चयाच्या. कन्या दोन. धाकटी चारुशीला कॉलेजात शिकत असे, आणि थोरली मृणालिनी लग्न होऊन दीड वर्ष अकोल्यास सासरी नांदत होती. मृणालिनीस जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती लहान असता वत्सलाबाई तिजबरोबर कर्णबधिरांचे शाळेत बाकावर जाऊन बसल्या आणि खुणांची भाषा शिकल्या, मग चारुशीला शिकली, मग राव जमेल तैसे शिकले, आणि त्या राज्यात रुसवे, थट्टा, भांडणे सर्व हातांनी होऊ लागली. परंतु सासरी खुणा जाणणारे कोणी नव्हते. जावई चार शब्द शिकले होते, ते गिरणीत पाळीवर जात, आणि घरी सासूबाई यमुनाबाई, त्यांस एकही खूण ठाऊक नव्हती. टेलिफोन दोहींकडे होता, तो मृणालिनीस निरुपयोगी. राहिली पत्रे. ती आरंभी चार पानांची येत, मग एक पान, आणि भाद्रपदात जे आले त्यात तीन ओळी होत्या: मी बरी आहे, इकडे पाऊस आहे, काळजी नसावी. त्याच डाकेने जावयांचे पत्र आले की मृणाल हल्ली खोलीबाहेर येत नाही, दोन वेळा जेवण नको म्हणाली. मग भास्करराव स्वतः अकोल्यास गेले, चार दिवस राहिले, कन्या हसोन सर्व ठीक आहे म्हणाली, आणि गाडी सुटतेवेळी फलाटावर रडली. राव परत येऊन खाली मान घालोन बसले. वत्सलाबाईंचे गुडघ्याचे हाड मोडले होते, डॉक्टरांनी तीन महिने प्रवास वर्ज्य केला होता. बाई बोलिल्या, “मला जाता येत नाही, तर माझे हात पाठवा. व्हिडिओ कॅमेरा घ्या.”

मग मसलत बसली. वत्सलाबाईंचे बंधू श्रीनिवासराव यांस यंत्रांची मोठी जाण, ते खास बोलाविले होते. ते म्हणाले, “घ्यायचा तर मिनी डीव्ही घ्या. डिजिटल आहे. चित्र असं की आरशात बघितल्यासारखं.” भास्कररावांनी किमतीची चौकशी केली, आणि राज्याचा खजिना तितका मोठा नव्हता. राव म्हणाले, “हाय-एट बरा पडेल. एका टेपेत दीड तास बोल म्हणावं.” दोहोंचा वाद बराच चालिला आणि चहा दोनदा जाहला. मग चारुशीला म्हणाली, “पण ताई ती टेप लावणार कशात?” अकोल्यास घरी व्हीसीआर होता, त्यावर लग्नाची कॅसेट पाहात असत, दुसरे यंत्र नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी वत्सलाबाईंस गुडघ्यास पट्टा बांधोन रिक्षात बसविले आणि सर्व मंडळी पेठेत दुकानी दाखल जाहली. दुकानदार जाणता होता. त्याने सांगितले की मिनी डीव्ही काय आणि हाय-एट काय, टेप व्हीसीआरमध्ये बसत नाही, मोठ्या कॅसेटवर उतरवोन धाडावी लागेल, आणि हाय-एटची नक्कल केली की चित्र आणिक फिके होते. मग त्याने तिसरा प्रकार काढिला, त्याचे नाव व्हीएचएस-सी. टेप तळहाताएवढी, आणि तिजला एक मोठा साचा, त्यात टेप बसविली की कोणत्याही घरच्या व्हीसीआरमध्ये चालते. किंमतही आवाक्यातील. श्रीनिवासराव म्हणाले, “अरे, पण याचं चित्र जाडंभरडं येतं.”

चारुशीला म्हणाली, “जाडंभरडं चालेल मामा. बोटं दिसली पाहिजेत.”

वत्सलाबाई म्हणाल्या, “मग बघूनच ठरवू. चारू, तू बाहेर जाऊन उभी राहा. मी काय बोलते ते नंतर टीव्हीत बघून सांग.” तैसेच केले. दुकानदाराने टेप कमी खर्च व्हावी म्हणोन कॅमेरा मंद गतीवर ठेविला आणि बाई बोलिल्या. चारुशीला आत येऊन पाहू लागली आणि म्हणाली, “‘पत्र’ कळलं गं, पुढचं नुसतं हलतंय.” बाईंचा चेहरा उतरला. मग दुकानदाराने गती नेहमीची केली, त्या गतीने टेप अर्ध्या तासात संपते ऐसे सांगितले, आणि चारुशीला पुन्हा बाहेर गेली, बाई पुन्हा बोलिल्या. ह्या खेपेस चारुशीला पडद्यापुढे उभी राहिली आणि एकेक शब्द मोठ्याने सांगत गेली, “मृणाल, तुझ्या पत्रात तू नसतेस. मला खरं सांग. वाईट असलं तरी सांग.” श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हाच घ्या, भाऊजी.”

कॅमेरा घरी आला आणि पहिलीच टेप फुकट गेली, कां की राव बाईंस खाटेवर खिडकीकडे पाठ करोन बसविते जाहले आणि तोंड, हात सर्व काळे आले. मग खाट फिरविली. बाईंस सवय ऐसी की हातांनी बोलावे आणि तेच तोंडानेही म्हणावे, ती मोडेना. शेजारणीच्या मांजरीने तुपात तोंड घातले ते सांगितले, जेवतेस का म्हणोन विचारिले, चारुशीलेने प्राध्यापकांची नक्कल केली. शेवटी राव आले. त्यांचे हात सावकाश चालत. ते म्हणाले, “मी आलो तेव्हा तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. चुकलं.” मग टेप साच्यासुद्धा पार्सल करोन रवाना केली.

बारा दिवस काही वर्तमान नाही. तेराव्या दिवशी सकाळी टेलिफोन वाजला, आणि अकोल्याहून खासा यमुनाबाई बोलतात ऐसे समजताच वत्सलाबाईंस धडकी भरली.

यमुनाबाई म्हणाल्या, “घाबरू नका हो विहीणबाई. टेप पोचली. सून एकटीच लावून बसली होती, आणि रडायला लागली. मला वाटलं काय झालं कोण जाणे, म्हणून शेजारी जाऊन बसले. तुम्ही तोंडानं म्हणता आणि हातानं करता, तसं मलाही कळायला लागलं. आता आम्ही दुपारी रोज लावतो.”

“रोज?”

“रोज. काल मी तिला हातानं विचारलं, जेवलीस का. काहीतरी भलतंच केलं असणार, इतकी हसली! मग माझी बोटं धरून नीट करून दिली.” इतके बोलोन यमुनाबाई थांबल्या आणि मग हळू म्हणाल्या, “दीड वर्ष मी तिच्याशी नुसती मोठ्यानं बोलत होते हो. विहीणबाई, ‘एकटं वाटतं का’ हे कसं विचारतात?”

वत्सलाबाईंनी टेलिफोन मानेत धरिला आणि दोन्ही हातांनी ती खूण करोन दाखविली, आणि मग ध्यानी येऊन स्वतःच हसू लागल्या, “अहो, फोनवर कसं दाखवू?”

“मग टेप पाठवा,” यमुनाबाई म्हणाल्या. “माझ्या नावानं पाठवा.”

येणेप्रमाणे त्या राज्यात व्हीएचएस-सी मुक्रर जाहली. माघापर्यंत सात टेपा गेल्या, पैकी चार यमुनाबाईंचे नावे. मृणालिनीची पत्रे पुन्हा लांब येऊ लागली आणि त्यात तक्रारीही येऊ लागल्या, त्या वाचोन वत्सलाबाई संतोष पावल्या. चैत्रात सासूसुना दोघी माहेरी आल्या. वरणात गूळ किती घालावा यावरून स्वयंपाकघरात दोघींचे हातांनी भांडण जुंपले, आणि भास्करराव दारात उभे राहोन कॅमेऱ्याने टिपीत असता यमुनाबाई त्यांजकडे वळल्या आणि हातांनीच बोलिल्या, तुम्ही मध्ये पडू नका. घडले तितके लिहिले आहे.