सुन्न पावटा

मधुकरराव स्वतःला ‘कर्नाटकातले एकमेव मराठी पीकरोग-गुप्तहेर’ म्हणवून घेत. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात तसं कार्डच छापून घेतलं होतं. ‘जंतू कितीही बारीक असो, माझ्या नजरेतून सुटत नाही’ हे त्यावरचं वाक्य वाचायला त्यांना चष्मा लागे. तो शोधून देणं आणि तपासाची वही लिहिणं ही कामं मदतनिसाकडे, म्हणजे त्यांच्या पत्नी स्मिताबाईंकडे होती.

मंगळवारी ते के. आर. पुरमच्या घराच्या गच्चीवरून एक पान पिशवीत घालून खाली आले. पान स्मिताबाईंच्या पावट्याच्या वेलाचं. दोन वर्षं रुसलेला वेल यंदा कुठे शेंगांनी लगडला होता, आणि गुडघ्यामुळे त्यांना तो आठवडाभर बघताही आला नव्हता.

“पांढरे ठिपके. नवी प्रजाती! लिही, मधुकराय बेंगळुरेन्सिस.”

“अहो, भुरी असेल, साधी बुरशी. बघू?”

“पुराव्याला हात लावायचा नाही. भुरी सगळीकडे पसरते. हे ठिपके एकाच बाजूनं आलेत. म्हणजे जंतूला दिशा कळते.” मधुकररावांनी तीस वर्षं सरकारी कारखान्यात रडार तपासले होते.

निरोगी झाडाला तोच रोग लागला तर जंतू सिद्ध होतो, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून वेलाशेजारी धट्टीकट्टी तुळस ठेवली. बुधवारी तुळशीवर ठिपके आले. गुरुवारी त्यांच्या चष्म्यावर.

“माणसात संसर्ग,” ते शांतपणे म्हणाले. “पाचला माळी कोयता घेऊन येतोय. वेल जाळावा लागेल.”

स्मिताबाईंनी वहीतून मान वर केली. “माझा वेल? कुणाला विचारलंत तरी का?”

“साक्ष घेतली. गच्ची झाडणारी रत्नम्मा म्हणाली, पानं बरीच सुन्न झालीत. म्हणजे हल्ला थेट मज्जासंस्थेवर.” पावट्याला मज्जासंस्था नसते, ही अडचण त्यांनी तळटीपेत टाकायला सांगितली.

स्मिताबाईंचं पेन थांबलं. “तिचे नेमके शब्द काय होते?”

“बरी सुण्ण, सार.” आपल्याला कानडी येते, हा मधुकररावांचा समज होता. तो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

स्मिताबाई उठल्या आणि गुडघा धरत तीन जिने चढल्या. वेलाच्या डोक्यावरच पाण्याची टाकी होती आणि रंगारी तिला पांढरा हात मारत होता. त्यांनी ओल्या पदरानं पान पुसलं. हिरवंगार निघालं.

रत्नम्मा झाडू टेकवून म्हणाली, “मूरु दिना, तीन दिवस सांगते अक्का, बरी सुण्ण! सार ऐकतच नाही.”

“बरी म्हणजे नुसता,” स्मिताबाई मागून धापा टाकत आलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, “आणि सुण्ण म्हणजे चुना.”

एक थेंब मधुकररावांच्या टकलावर पडला.

“म्हणजे तीन दिवस मला चुना लावला?”

“रोज सकाळी दहाला,” रंगारी वरून हिंदीत म्हणाला.

पाचला माळी आला. स्मिताबाईंनी त्याचा कोयता काढून घेतला, टोपली दिली आणि शेंगा स्वल्प जपून तोडायला सांगितलं. मग वहीत शेवटची नोंद केली: ‘वेल बरा आहे. गुप्तहेर बराच सुन्न.’