नुसतं ‘लाव’ काय?

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत. बाईंनी हाक मारली की दोघी उठतात! कॉम्प्युटरला असा घोळ खपत नाही. म्हणून आपण लिहिलेलं त्याच्या भाषेत नेणारा दुभाषा, म्हणजे कम्पायलर, एका नावाच्या दोन कामांना वेगवेगळी शेपटं जोडतो. ज्या कामाला जे द्यायचं, त्याचंच शेपूट: ‘जोड’ नावाची दोन कामं असतील, तर एक ‘जोड-आकडे’ आणि दुसरं ‘जोड-अक्षरं’.

भिंगरीची आई ही शेपटं बरोबर लागतात का ते तपासायची. त्या दुपारी तिचा जीव टांगणीला लागला होता. सकाळपासून चाललेली चाचणी संपत आली होती. ती पार पडली तरच उद्याची सुट्टी, आणि उद्या भिंगरीला पोहायला न्यायचं कबूल केलेलं! फोनवर साहेब ताटकळलेले, आणि लॅपटॉपची बॅटरी अखेरच्या घटका मोजत होती. तो बंद पडला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आईनं फोनवर हात धरला. “अरे, लाव रे कुणीतरी लवकर!”

बाबांनी धावत जाऊन दार लावलं.

“ते नाही रे! लाव ना!”

आजोबांनी रेडिओ लावला, तोही ठणाणा.

“मॅडम, घरात लग्न आहे का?” साहेबांनी विचारलं.

“आजोबा, बंद करा ते! अरे, तू तरी लाव!”

बाबांनी कपडे धुवायचं मशीन लावलं. “सकाळपासून तूच मागे लागली होतीस!”

तेवढ्यात भिंगरी बामची बाटली घेऊन आली. “आई, कुठं लावू?”

“लाव माझ्या कपाळाला!” आई करवादली.

भिंगरीनं लावला. चांगला बोटभर.

फोनमधून साहेबांचं हसू फुटलं. “मॅडम, दिवसभर दुसऱ्यांची शेपटं तपासता, आणि स्वतः नुसतं ‘लाव’? शेपूट कुठंय?”

आई किंचाळली, “चार्जर! चार्जर लाव!”

भिंगरीनं उडी मारून चार्जर लावला. लॅपटॉप वाचला, चाचणी पार पडली.

“घ्या उद्या सुट्टी,” साहेब म्हणाले.

आईनं हुश्श केलं, आणि तेव्हा कुठं बाम झोंबायला लागला. कपाळ लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“भिंगरे, आग होतेय गं! काढ, काढ आधी!”

भिंगरी धावत गेली, रंगपेटी घेऊन आली, आईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “हलू नकोस हं.”

मग तिनं आईचं चित्र काढलं. कपाळाला लाल रंग भरून.